सह्याद्रीतला सुळका म्हणजे ज्वालामुखीचं तोंड का?

भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा हा प्रश्न आहे. ते मुलांना घेऊन गडांवर जातात. तिथं कुणीतरी हमखास एखाद्या सुळक्याकडे बोट करून सांगतं, की हे जुन्या ज्वालामुखीचं तोंड. मुलं मग विचारतात, पुस्तकात असतो तसा माथ्यावर खळगा असलेला शंकू इथं का दिसत नाही? महाराष्ट्र लाव्हातून बनला असेल, तर तो ज्वालामुखी गेला कुठे? आणि ज्वालामुखींचे इतके वेगवेगळे प्रकार मुळात पडतात कशामुळे?

मी भूवैज्ञानिक आहे. नकाशे करायला आणि विहिरींच्या जागा बघायला आयुष्यभर याच खडकांवर हातोडी घेऊन हिंडलो आहे. सुळक्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. सह्याद्रीतला सुळका जवळपास कधीच ज्वालामुखीचं तोंड नसतो. लाव्हाचे थर एकेकाळी सलग होते. पाण्यानं ते कोरून नेले आणि जो तुकडा मागे उरला, तो सुळका. लाव्हानं आपल्याकडे पठार अंथरलं, त्यातून डोंगर काढले ते नद्यांनी. हे नीट पटायचं तर इतर ठिकाणचे ज्वालामुखी कसे बनतात ते आधी बघावं लागेल.

मुलांच्या मनातली एक समजूत सुरुवातीलाच दूर करा. जमिनीखाली सगळीकडे वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे आणि कवच फुटलं की तो बाहेर येतो, असं त्यांना वाटतं. तसं नाही. कवचाखालचं प्रावरण तापलेलं असलं तरी घन आहे, कारण वरच्या दाबामुळे त्याला वितळता येत नाही. ते वितळतं दोन कारणांनी. एक, तो तप्त खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तापमान न वाढताच त्याचा काही भाग वितळतो. आइसलँडखाली आणि हवाईखाली हेच चालतं. दुसरं कारण पाणी. समुद्रतळाचं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचा सरकणारा मोठा तुकडा, दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतं तेव्हा आपल्याबरोबर खनिजांत अडकलेलं पाणी खाली नेतं. शंभरेक किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटतं, वरच्या तप्त खडकात मिसळतं आणि त्या खडकाचा वितळणबिंदू खाली आणतं. जपान, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, अँडीज पर्वत इथल्या ज्वालामुखींच्या रांगा अशा तयार झाल्या आहेत.

जमिनीखालचा वितळलेला खडक म्हणजे मॅग्मा, तो बाहेर आला की लाव्हा. मॅग्मा तयार झाल्यावर पुढचं बरंचसं दोन गोष्टींवर ठरतं: तो किती चिकट आहे आणि त्यात वायू किती विरघळलेला आहे. चिकटपणा सिलिकावर, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्यावर, अवलंबून असतो. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास, अँडेसाइटमध्ये साठच्या, तर रायोलाइटमध्ये सत्तरच्या वर. बेसॉल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो आणि सहज वाहतो. रायोलाइटचा मॅग्मा ७०० ते ९०० अंशांचा असतो आणि जागचा हलायला तयार नसतो. वर येताना दाब उतरला की विरघळलेल्या वाफेचे आणि वायूंचे बुडबुडे सुटतात. पातळ मॅग्मातून ते निसटून जातात. चिकट मॅग्मात अडकतात, फुगत राहतात आणि शेवटी त्या मॅग्माच्याच चिंध्या करून बाहेर पडतात. आकाशात दहा-वीस किलोमीटर उंच जाणारी राख म्हणजे या चिंध्या. ती काचेसारख्या खडकाची पूड असते, जळलेल्या कशाची राख नव्हे.

आता आकार. पातळ बेसॉल्ट एका केंद्राभोवती पुन्हा पुन्हा वाहत राहिला तर ढाल ज्वालामुखी तयार होतो. हवाईचा मौना लोआ हा त्याचा नमुना. तो समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, आणि समुद्रतळापासून मोजलं तर नऊ किलोमीटरच्या वर. उतार मात्र थोड्याच अंशांचा. इतका पसरट, की त्याच्या अंगावर उभं राहिलं तर आपण पर्वतावर आहोत हे जाणवत नाही. त्याच बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीतून २०१८ साली लाव्हा माथ्यावरून उतरला नाही. तो डोंगराच्या कुशीत भेगा पाडून वस्तीत निघाला. सातशेच्या वर घरं गेली, आणि खालचा मॅग्मा निघून गेल्यामुळे माथ्याचा काही भाग जवळजवळ पाचशे मीटर खचला. ढाल ज्वालामुखीत लाव्हा असा बाजूच्या भेगांतून निघणं नेहमीचंच आहे.

पुस्तकातला शंकू म्हणजे फुजी किंवा फिलिपाइन्समधला मायोन. याला संमिश्र ज्वालामुखी म्हणतात, कारण तो राखेचे थर आणि घट्ट लाव्हाचे थर आलटून पालटून चढत वाढतो. देखणा असतो, पण आतून कच्चा. राख, खंगर (लाव्हाचे सच्छिद्र खडे), भेगाळलेला लाव्हा आणि गरम आम्लधर्मी पाण्यानं कुजलेला खडक असा सगळा तो ढीग असतो. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतला सेंट हेलेन्स या कच्चेपणामुळेच ढासळला. आतल्या मॅग्मानं उत्तरेची बाजू कित्येक आठवडे बाहेर फुगवली होती. भूकंपाच्या धक्क्यानं ती बाजू घसरली, आतला दाब एकदम मोकळा झाला आणि स्फोट वर न जाता आडवा गेला. २,९५० मीटरचा पर्वत २,५४९ मीटरचा झाला. फुजीचा शेवटचा उद्रेक १७०७ सालचा आहे. तो आज इतका सुबक दिसतो कारण भूवैज्ञानिक हिशेबात तो अगदी तरुण आहे. नद्यांना त्याच्यावर काम करायला वेळच मिळालेला नाही.

याहून साधा प्रकार म्हणजे खंगरांचा शंकू. वायूच्या जोरानं लाव्हाचे शिंतोडे उडतात, हवेतच थिजतात आणि तोंडाभोवती पडत राहतात. १९४३ साली मेक्सिकोत पारिकुटिन गावाजवळ मक्याच्या शेतात भेग पडली आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत हा ज्वालामुखी जन्मला. नऊ वर्षांत ४२४ मीटर चढून तो १९५२ मध्ये कायमचा थांबला. त्याच्या उताराचा कोन तीस अंशांच्या आसपास आहे, कारण सुटे दगड त्याहून फार उभे ठरतच नाहीत.

कधी कधी मोठ्या उद्रेकात खालचं मॅग्माचं कोठार रिकामं होतं आणि छत कोसळतं. जो प्रचंड खळगा उरतो, तो कॅल्डेरा. इंडोनेशियातल्या तांबोरानं १८१५ साली आपला माथा गमावला. तिथं आता सहा किलोमीटर रुंदीचा खळगा आहे, आणि १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळा असा आलाच नाही. सुमात्रातला टोबा याच्या कितीतरी पट मोठा. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या त्याच्या उद्रेकातून उरलेलं सरोवर शंभर किलोमीटर लांब आणि तीस किलोमीटर रुंद आहे. टोबाशी आपला थेट संबंध आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी इथं आणि कऱ्हेकाठी मोरगावला नदीच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे, तो टोबाचा. ती टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकातली, यावर संशोधकांत वाद झाले आहेत. पण ती चिमूटभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली की बुडबुड्यांच्या फुटलेल्या भिंतींचे वाकडे, पारदर्शक काचतुकडे दिसतात. तीन हजारांहून जास्त किलोमीटरवरून आलेली काच जुन्नरच्या नदीकाठी पडलेली बघायला मिळते. वर्गात सूक्ष्मदर्शक असेल तर मुलांना हे जरूर दाखवा.

भारतात जिवंत ज्वालामुखी बघायचा तर अंदमानातलं बॅरन बेट. श्रीविजयपुरमच्या (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या) ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवर ते आहे. समुद्रावर दिसणारी त्याची उंची जेमतेम साडेतीनशे मीटर, पण पायथा दोन हजार मीटरहून खोल समुद्रात. बाहेर जुन्या कॅल्डेऱ्याचं कडं, आत खंगरांचा शंकू, आणि कडं पश्चिमेला फुटलेलं, तिथून लाव्हा समुद्रात उतरतो. दीडशेच्या वर वर्षं शांत राहून १९९१ मध्ये तो जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो आहे. शेजारचं नारकोंडम त्याच रांगेतलं, पण तिथला मॅग्मा अधिक चिकट होता, म्हणून ते बेट जास्त उंच आणि उभं आहे. एकाच भूपट्टाच्या कडेवर चिकटपणानं आकार कसा बदलतो, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

आता आपल्या दख्खनकडे येऊ.

१७८३ च्या जूनमध्ये आइसलँडमध्ये लाकी इथं २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली. आठ महिने तिच्यातून लाव्हा येत राहिला, एकूण सुमारे १४-१५ घन किलोमीटर. विषारी धुक्यानं गुरं मेली, मागोमाग दुष्काळ आला आणि देशातली पाचवा हिस्सा माणसं दगावली. माणसानं लिहून ठेवलेल्या इतिहासात भेगेतून झालेल्या उद्रेकांपैकी हा सर्वांत मोठ्यांपैकी एक. दख्खनमधल्या एकेका मोठ्या प्रवाहात याच्या कित्येक पट लाव्हा होता, आणि असे प्रवाह शेकड्यांनी एकावर एक आले. हे घडलं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. बहुतेक सगळा लाव्हा दहाएक लाख वर्षांच्या अवधीत बाहेर पडला. आज उरलेलं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूला थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून जास्त भरते.

तेव्हा भारत आजच्या रीयुनियन बेटाच्या जागेवरून उत्तरेकडे सरकत होता. खालून वर येणारा तप्त खडक तिथं पोचला, दाब उतरला, भरमसाट मॅग्मा तयार झाला आणि कवच ताणलं जाऊन पडलेल्या भेगांतून बाहेर आला. भारत पुढं गेला, उष्णतेचा स्रोत मागं राहिला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्याखालची समुद्रातली रांग, पुढं मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन हा त्याचा माग आहे. रीयुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ आजही वारंवार लाव्हा ओततो. ज्या उष्णतेनं आपलं पठार घडवलं असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, तिचं आजचं टोक ते आहे.

शंकू का नाही, याचं उत्तर इथं मिळतं. लाव्हा पातळ होता, तो नळीतून न येता लांबलचक भेगांतून आला आणि प्रमाण अफाट होतं. तोंडाभोवती ढीग साचायला वाव नव्हता, तो वाहत दूर गेला. भेगांच्या कडेला लाकीसारखे लहानमोठे खंगरांचे शंकू बनले असतील, पण ते पुढच्या प्रवाहांखाली गाडले गेले. भेगा मात्र आजही दिसतात. त्यांत थिजून राहिलेला मॅग्मा म्हणजे डाइक. नंदुरबार-धुळ्याकडे तापीच्या खोऱ्यात मैलोन्‌मैल सरळ जाणाऱ्या, शेतांतून उठलेल्या काळ्या दगडी भिंती दिसतात, त्या डाइकच. आजूबाजूचा खडक झिजला, त्या उभ्या राहिल्या. कोकणपट्टीत आणि नाशिक-पुणे भागातही डाइक पुष्कळ आहेत. ज्वालामुखीचं तोंड बघायचा हट्टच असेल तर सुळक्याऐवजी मुलांना डाइकपाशी न्या. तुमच्या मुलांच्या प्रश्नातला ज्वालामुखी जो काही उरला आहे, तो तिथं आहे.

पातळ झाला तरी लाव्हा शेकडो किलोमीटर जातो कसा, वाटेत थिजत का नाही? याचं उत्तर मला फार आवडतं. प्रवाहाचा पृष्ठभाग हवेला लागून लगेच थिजतो आणि दुधावर साय धरावी तशी त्यावर कवची चढते. ही कवची उष्णता कोंडून ठेवते. खालून नवा लाव्हा येतच राहतो, तो कवचीखालून पुढं सरकतो आणि कवचीला उचलत जातो. हात-दोन हात जाडीची जीभ महिनोन्‌महिने फुगत जाऊन वीस-तीस मीटरांची होते. आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ जो बेसॉल्ट आहे, त्याची रासायनिक ओळख सह्याद्रीतल्या वरच्या थरांशी जुळते. म्हणजे लाव्हानं उगमापासून तिथवर हजारेक किलोमीटरचा प्रवास केला. पृथ्वीवरचे सर्वांत लांब लाव्हाप्रवाह म्हणून ते ओळखले जातात.

हे वाचायला मला आंबेनळी घाटासारखी जागा दुसरी वाटत नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात एकावर एक प्रवाह उघडे पडले आहेत. एका प्रवाहाच्या तळाशी डोकं नेऊन बघा. बोटभर लांबीच्या, उभ्या, बारीक नळ्या दिसतील. गरम लाव्हा ओलसर जमिनीवर आला तेव्हा वाफ आणि वायू वर चढले, त्यांच्या या वाटा. नळ्यांची वरची टोकं एका बाजूला कललेली असली तर लाव्हा त्या दिशेनं सरकत होता. वर आलात की खडक घट्ट, काळा-राखाडी, एकसंध होतो. हा प्रवाहाचा गाभा, तो सावकाश थंड झाला म्हणून त्याला उभ्या फटी पडल्या. आणखी वर पुन्हा बुडबुडे, आता गोल आणि पुष्कळ, पांढऱ्या खनिजांनी भरलेले. त्याच्यावर कधी कधी विटकरी रंगाचा, वीतभर ते हातभर जाडीचा मातकट थर. पुढचा प्रवाह येण्याआधी बराच काळ गेला, माथ्याचा खडक आणि राख कुजून माती झाली, मग नव्या लाव्हानं ती भाजली. घाटाच्या एका वळणावर असे दोन तांबडे पट्टे दिसले, तर दोन उद्रेकांमधला प्रत्येकी शेकडो-हजारो वर्षांचा शांत काळ तुमच्यासमोर असतो.

या थरांना नावं देताना भूवैज्ञानिकांनी आपल्याच गावांची नावं घेतली. तळापासून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, डेसूर. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात दख्खनवर बोलायचं तर ही नावं घ्यावी लागतात. मुलांना हे कळलं की त्यांचे चेहरे बघा.

बुडबुड्यांत भरलेल्या खनिजांचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. लाव्हा थंड झाल्यावर लाखो वर्षं कोमट ते गरम पाणी त्याच्या फटींतून फिरत राहिलं, खडकातली द्रव्यं विरघळवून पोकळ्यांत साठवत गेलं. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली खनिजं, हिरवट ॲपोफिलाइट, आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला गर्द निळा कॅव्हनसाइट. जगभरच्या संग्रहालयांत हे नमुने मांडलेले आहेत. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतल्या खडी काढण्याच्या खाणींत ते सापडतात आणि बरेचसे क्रशरमध्येही जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक तालुक्याच्या शाळेत तिथल्याच खाणीतला एक चांगला नमुना असायला हवा.

सह्याद्रीचा आकार या थरांच्या फरकातूनच आला. घट्ट गाभा उभा तुटतो, त्याचा कडा होतो. बुडबुड्यांचा माथा आणि तांबडी माती लवकर झिजतात, तिथं उतार किंवा सपाट पट्टी तयार होते. मग पुन्हा कडा. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळं. आपले किल्लेही याच रचनेवर बसले आहेत. गाभ्याचा कडा हा आयता तट, वरची सपाटी ही माची, आणि पाण्याची टाकी खोदायला घट्ट खडक, ज्यातून पाणी झिरपून जात नाही. अजिंठा-वेरूळची लेणी अशाच जाड, एकसंध प्रवाहांत कोरता आली.

पण कडे पश्चिमेलाच का? लाव्हा ओतला जात असताना आणि त्यानंतर लगेच भारताची पश्चिम कड फाटत होती. सेशेल्स बेटांचा तुकडा इथूनच सुटून गेला, त्याच्यावरही याच काळातला ज्वालामुखीजन्य खडक आहे. किनाऱ्याकडची बाजू खचली. पनवेलच्या आसपास लाव्हाचे थर आडवे न राहता समुद्राकडे कललेले दिसतात, ते त्यामुळेच. मग कोकणातल्या आखूड, वेगवान नद्यांनी तो उभा उतार मागे मागे, पूर्वेकडे ढकलत आणला. कोकणकडा ही त्या मागे सरकणाऱ्या कडेची आजची जागा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत पासष्टेक किलोमीटर, तरी ती सगळं पठार ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते, कारण पठाराचा कल कड फाटल्यापासून पूर्वेला आहे.

लाव्हाच्या थरांची थप्पी सगळीकडे सारखी जाड नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं छिद्र घेतलं तेव्हा साडेतीनशे मीटरांच्या आतच बेसॉल्ट संपला. कोयना परिसरातल्या खोल छिद्रांत हजारेक मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना पाया. विदर्भात नागपूर-चंद्रपूरकडे तर बेसॉल्टच संपतो. तिथं लाव्हाखालचे गाळाचे थर उघडे आहेत आणि त्यांत डायनासोरची हाडं मिळतात.

खरा सुळका-ज्वालामुखी कसा असतो हेही सांगतो, म्हणजे फरक कळेल. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत शिपरॉक आहे. मैदानातून साडेचारशे मीटरच्या वर उठलेला हा खडक म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला भाग. भोवतीचा सगळा डोंगर झिजून गेला. त्याच्या अंगात आडवे थर नाहीत, फुटलेल्या खडकांचे तुकडे एकमेकांत घट्ट बसले आहेत आणि पायथ्यापासून चहूबाजूंना डाइकच्या भिंती फाकल्या आहेत. सह्याद्रीतल्या सुळक्यासमोर उभं राहून हेच तपासा. आडव्या रेघा दिसतात का? त्याच उंचीवर, तशाच रेघा समोरच्या डोंगरावर सापडतात का? सापडल्या, तर मधली दरी नदीनं खोदली आहे आणि सुळका त्या सलग थराचा उरलेला तुकडा आहे. ही तपासणी पाचवीतला मुलगाही करू शकतो.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. गुजरातचा गिरनार दख्खनच्याच काळातला, पण तिथं मॅग्मा जमिनीखालीच थिजला आणि वरचं झिजल्यावर उघडा पडला. मुंबईत दख्खनच्या उत्तरार्धात वेगळंच चाललं होतं. गोराई-मनोरीकडे चिकट रायोलाइट आणि ट्रॅकाइट आहेत. मुंबईत काही ठिकाणी पाण्याखाली थिजलेल्या, उशीच्या आकाराच्या लाव्हाच्या गाठी आहेत. वरळीला दोन लाव्हांमधल्या तळ्याच्या गाळात लहानशा बेडकांचे जीवाश्म सापडले. कान्हेरीची लेणी स्फोटातून पडलेल्या तुकड्यांच्या खडकात कोरलेली आहेत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल म्हणजे उभ्या खांबांचा, साठेक मीटरचा काळा कातळ. थंड होताना लाव्हा आकसतो, भेगा थंड पृष्ठभागाशी काटकोनात आत जातात आणि पाच-सहा बाजूंचे खांब सुटे होतात. आज त्याला इमारतींनी वेढलं आहे. मुंबईतल्या शाळांनी तो एकदा तरी जवळून बघावा.

लोणारबद्दल नेहमी विचारलं जातं. तो खळगा ज्वालामुखीचा नाही. बेसॉल्टवर उल्का आदळून तो झाला. तिथल्या खडकांत धक्क्यानं काच झालेलं फेल्डस्पार नावाचं खनिज मिळतं, जे ज्वालामुखीत होत नाही. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे इथले गरम झरेही जागृत ज्वालामुखीची खूण नव्हेत. पावसाचं पाणी भ्रंशांतून, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांतून, खोल जातं, जमिनीच्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं आणि परत येतं. महाराष्ट्राखाली आज मॅग्मा साठत असल्याची काहीही खूण नाही. कुणी व्हॉट्सॲपवर तसं पाठवलं तर निश्चिंत राहा.

माझ्या रोजच्या कामाचा भाग पाणी आहे, म्हणून त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. विहीर खणणारे याच थरांना आपल्या नावांनी ओळखतात. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांचा, ठिसूळ, भेगाळलेला भाग, पाणी त्यात असतं. काळा पाषाण म्हणजे प्रवाहाचा गाभा, फट नसेल तर कोरडा. एका शेतात चाळीस फुटांवर पाणी आणि बांधापलीकडे दोनशे फुटांवरही कोरडं ठणठणीत, असं होतं ते प्रवाहाची जाडी आणि फटी बदलल्यामुळं. डाइक आडवा आला तर कधी पाणी अडवतो, कधी त्याच्याच भेगांतून वाहून नेतो. बोअर घेण्याआधी आसपासच्या चार विहिरींच्या भिंती नीट बघितल्या तर शेतकऱ्याचे पुष्कळ पैसे वाचतात. नारळ हातात धरून जागा दाखवणाऱ्यापेक्षा त्या भिंती जास्त सांगतात. काळी माती याच खडकाची, आणि जास्त पावसाच्या प्रदेशात, जिथं बाकी द्रव्यं धुऊन जाऊन लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, तिथला जांभाही मुख्यतः याच खडकाचा. पाचगणीचं टेबललँड जांभ्याच्या त्या टोपीमुळे सपाट राहिलं आहे.

कोरीवकाम अजून चालू आहे. कुजलेला खडक आणि माती जुलैच्या पावसात भिजली की तीव्र उतारावरून सुटते. माळीण २०१४ मध्ये, तळीये २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी २०२३ मध्ये, या वस्त्या अशाच दरडीखाली गेल्या. डोंगरात नवी भेग पडणं, झाडं कलणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा थांबणं ही आधीची चिन्हं असतात. ती गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवीत.

म्हणून सहल डिसेंबर-जानेवारीत काढा. कड्यातले थर तेव्हा कोरडे आणि स्वच्छ दिसतात. घाटात रस्त्याच्या कडेला वर्ग उभा करू नका. रुंद जागा बघून गाडी थांबवा, एका वेळी चार-पाच मुलांना कड्यापाशी न्या. सोबत एक भिंग, थोडं पाणी आणि वही असू द्या. पाणी शिंपडलं की खडकावरचे बुडबुडे आणि पांढरी खनिजं लगेच उठून दिसतात. तळाच्या नळ्या, घट्ट गाभा, बुडबुड्यांचा माथा आणि तांबडी माती या क्रमानं मुलांना चित्र काढायला लावा, आणि नळ्या कुठल्या दिशेला कलल्या आहेत ते त्यांना शोधू द्या.